उभी बाटली, आडवी बाटली आणि अर्ध्या लिटरचा ग्लास

महाराष्ट्रात दारूबंदीचं मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. पद्धत चांगलीच आहे, तिच्यामागे बायकांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे आहेत. पण दारूवरची आपली बाकीची चर्चाही याच दोन चित्रांत अडकून बसली आहे. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली, 2022 च्या जानेवारीत 1,000 चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय झाला, जून 2025 मध्ये विदेशी मद्याचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं आणि बिअर-वाइनला त्यातून वगळलं. प्रत्येक वेळी एकीकडून 'संस्कृती बुडाली' आणि दुसरीकडून 'महसूल हवा ना?'. बाटलीत अल्कोहोल किती ग्रॅम, ती किती वेळात रिकामी होते आणि सोबत पोटात काय जातं, हे कुणीच विचारत नाही.

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये बसून हे वाद वाचताना हीच गोष्ट खटकते. न्यूरेंबर्गच्या शेजारचं हे शहर फ्रँकोनियात, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागात येतं. सीमेन्स आणि विद्यापीठामुळे इथे आपली मंडळी बरीच. आजूबाजूला गावागणिक ब्रुअरी. आउफसेस नावाच्या, दीड हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात चार ब्रुअऱ्या आहेत आणि 2000 साली त्यासाठी गिनीज बुकात त्याची नोंद झाली. इथे पिण्याचं कौतुक नाही आणि चोरीही नाही. त्यामुळे चर्चा आपोआप मापावर येते.

तर आधी माप. अल्कोहोलच्या टक्केवारीला मिलिलिटरने गुणा, शंभराने भागा आणि 0.8 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे अल्कोहोलचे ग्रॅम. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये 20 ग्रॅम. कोलोनकडे 4.8 टक्क्यांची कोल्श बिअर 200 मिलीच्या उभट ग्लासात देतात, त्यात साडेसातच्या पुढे. आणि आपल्याकडची 650 मिलीची, आठ टक्क्यांची स्ट्राँग? 41 ग्रॅमच्या पुढे. म्हणजे बिअर शॉपीतून आणलेली 'एकच' बाटली इथल्या दोन मोठ्या ग्लासांएवढी. भारतात खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच असते आणि ती 'बिअर तर आहे' म्हणून घाईने प्यायली जाते, हे दुखणं उभ्या-आडव्याच्या वादात दिसतच नाही.

आता हे सामन्याला लावून पाहू. आयपीएलची साडेसातची मॅच उन्हाळी वेळेनुसार इथे दुपारी चारला सुरू होते आणि साडेतीन-पावणेचार तास चालते. सत्तर किलोच्या पुरुषाचं शरीर तासाला साधारण 7 ग्रॅम अल्कोहोल जाळतं, बाईचं बहुतेक वेळा त्याहून कमी. दोन अर्धे लिटर घेतले तर 40 ग्रॅम गेले, सामना संपेस्तोवर 24-25 जळाले, 15-16 अंगात राहिले. रक्तात हे साधारण 0.3 प्रति हजार (हजार ग्रॅम रक्तात 0.3 ग्रॅम) भरतं. जर्मनीत गाडी चालवायची सर्वसाधारण मर्यादा 0.5 आहे (21 च्या आतल्यांना आणि नव्या परवानाधारकांना शून्य, आणि 0.3 च्या वर गाडी वेडीवाकडी चालवलीत तरी गुन्हा). भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास हाच 0.3. तोच माणूस, तेच दोन ग्लास, इथे जेमतेम नियमात आणि पुण्यात पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. याबाबतीत आपला कायदा इथल्यापेक्षा शहाणा आहे. अंमलबजावणीचं मात्र विचारू नका.

पॉवरप्लेमध्ये पहिला ग्लास संपवणं ही नेहमीची चूक. सहा षटकं म्हणजे जेमतेम अर्धा तास. उपाशीपोटी असाल तर सगळं एकदम चढतं आणि चौदाव्या षटकाला डोळे मिटायला लागतात. पहिला ग्लास पहिल्या डावाच्या शेवटापर्यंत पुरवायचा, मधल्या वेळात जेवायचं, दुसरा पाठलागाच्या मध्यावर उघडायचा. कसोटी पाहायची असेल तर सरळ बिनअल्कोहोलची व्हाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, घ्या. तीत 0.5 टक्क्यापर्यंतच अल्कोहोल असतं आणि चवीला ती पूर्वीसारखी पाणचट राहिलेली नाही. 1980 च्या सुमारास जर्मनीत दरडोई वर्षाला 140 लिटरहून जास्त बिअर प्यायली जायची, आता 90 च्याही खाली आली आहे. या घसरणीत बिनअल्कोहोलची बिअर मात्र वाढते आहे.

टीव्हीचंही तसंच. रविवारी रात्री सव्वाआठला 'टाटओर्ट' ही 1970 पासून चाललेली पोलिसी मालिका लागते आणि पुष्कळ पबांत ती पडद्यावर सगळे मिळून पाहतात. दीड तासाचा भाग, एक ग्लास, खुनी कोण यावर पैज. दहाला बिल देऊन लोक घरी, कारण सोमवार. आपल्याकडे हाच कार्यक्रम शनिवारी रात्री अकराला, रिकाम्या पोटी सुरू होतो.

संगीताचा किस्सा मात्र सरळ नाही आणि तो आपल्या डीजे-ढोलांच्या भांडणाशी थेट जुळतो. म्युनिकच्या दक्षिणेला एक जुनं बिअर गार्डन आहे, तिथे जॅझ वाजतं. शेजाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली आणि ते रात्री साडेनऊला बंद करायचा आदेश निघाला. 12 मे 1995 ला हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. हा मोर्चा दारूसाठी होता असं म्हणणं सोपं आहे, पण मागणी संध्याकाळच्या बाकासाठी होती. यातून शेवटी 1999 ची बव्हेरियन बिअर गार्डन नियमावली आली. संगीत दहाला बंद, ग्लास भरणं साडेदहाला बंद, अकराला सगळं सामसूम. तीन वेळा, तीन ओळींत. आपल्याकडेही ध्वनीचा नियम रात्री दहाचाच आहे, वर वर्षातले 15 दिवस बारापर्यंत सूट द्यायची मुभा सरकारला आहे. फरक एवढाच की इथे संगीत, विक्री आणि बसणं यांच्या वेळा वेगवेगळ्या लावल्यामुळे लोक टप्प्याटप्प्याने उठतात. दीडला एकदम दिवे लावून शंभर जणांना रस्त्यावर काढलं की रस्त्यावर काय होतं, ते आपण जाणतोच.

त्याच नियमावलीत आणखी एक गंमत आहे. ही सवलत हवी असेल तर गिऱ्हाइकाला घरचं खाणं आणू दिलं पाहिजे. पेय त्यांचं, डबा तुमचा. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर ती वाढप्यांची जागा, तिथे डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी बाकावर मात्र थालीपीठ, चिवडा, काहीही चालतं आणि कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही. पोट भरलेलं असलं की दुसरा ग्लास हळू जातो. आपल्या परमिट रूममध्ये 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी दारूपेक्षा जास्त नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे.

चखण्याचं एक शास्त्र आहे. कडवट, हॉप्सने (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांनी) भरलेली आयपीए बिअर मिसळीबरोबर घेऊ नका. कडूपणाने तिखट आणखी पेटतं आणि अल्कोहोल त्यात तेल ओततं. मिसळीला, ठेच्याला गव्हाची बिअर घ्या, ती गोडसर आणि कमी कडू असते. इथल्याच बाम्बेर्ग शहराची धुरकट राउखबिअर बीच या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची असते. पहिल्या घोटाला ती नकोशी वाटते, पण निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताबरोबर तिचं जे जमतं ते दुसऱ्या कशाबरोबर नाही.

ग्लासाकडे आपलं पूर्ण दुर्लक्ष असतं. फ्रीजरमधून काढलेला बर्फाळ मग दिसायला छान, पण दोन-तीन अंशांवर जीभ बधिर होते आणि वास येत नाही. मग क्राफ्ट बिअरचे पैसे कशाला द्यायचे? पिल्सनरला 6 ते 8 अंश, गव्हाच्या बिअरला साधारण 8, राउखबिअरला 8 ते 10. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर तिथे तेल किंवा साबण राहिला आहे, फेस टिकणार नाही. ओतण्याआधी ग्लास गार पाण्याने खळखळून घ्या आणि ओलाच ठेवा. गव्हाची बिअर तिरक्या ग्लासात सावकाश ओता, तळाशी दोन बोटं राहिली की बाटली गोल फिरवून यीस्ट उठवा आणि मग तो गढूळ भाग वरून सोडा. हिरव्या बाटलीतली बिअर काचेच्या दाराच्या, ट्यूबलाइटच्या फ्रिजमध्ये दिवसेंदिवस पडली असेल तर घेऊ नका. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून कुबट वास येतो. तपकिरी बाटली हा उजेड बराच अडवते. मायक्रोब्रुअरीतून ग्राउलर (बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून नेत असाल तर तो आधी गार करून, तळापासून नळीने, तोंडापर्यंत भरून घ्या. सरळ फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा आणि उघडला की त्याच संध्याकाळी. उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर बिअर बिघडते आणि दाब वाढून झाकणही उडू शकतं.

'आपली' बिअर म्हणजे काय, हा वादही दोन्हीकडे आहे. बव्हेरियाला 1516 च्या शुद्धतेच्या फर्मानाचा अभिमान: जव, हॉप्स, पाणी. त्यामुळे कोकम घातलेली बिअर इथल्या ब्रुअरीला 'बिअर' म्हणून विकता येणार नाही. पण पूर्वेला लाइपझिगची गोजे बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धणे घालतात आणि ती प्रादेशिक परंपरा म्हणून चालते. म्हणजे शुद्धता हीसुद्धा प्रांताप्रांतावर अवलंबून. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या मायक्रोब्रुअरीने सुरुवात केली, त्यानंतर बऱ्याच जणांनी स्थानिक फळं-धान्यं वापरून पाहिली, ते उत्तम झालं. फक्त ज्वारी घातली म्हणजे बिअर स्थानिक झाली, एवढं ते सोपं नाही. ज्वारीचा स्टार्च 70 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर फुलतो, तर जवाची साखर करणारी मुख्य विकरं 65 च्या वर गेलं की मरायला लागतात. म्हणून ज्वारी वेगळी उकळून, गार करून जवाच्या मिश्रणात घालावी लागते. तिला टरफल नाही, प्रमाण वाढलं की गाळणी तुंबते, मग भाताचा तूस मिसळायचा. कोकमाचं आगळ किण्वन संपल्यावर घाला, आधी घातलं तर आंबटपणाने यीस्ट आळसावतं. आगळात मीठ असतं ते हिशोबात धरा. आणि हॉप्स? ते बहुतेक परदेशातून येतात. जगातला सर्वांत मोठा सलग हॉप्सचा पट्टा, हालरटाउ, इथून दीड-दोन तासांवर आहे.

जाहिरातीबद्दल थोडक्यात. भारतात टीव्हीवर मद्याची जाहिरात बंद, म्हणून तेच नाव सोडा किंवा म्युझिक सीडी बनून क्रिकेटच्या मध्यांतरात येतं. जर्मनीत फुटबॉलच्या मध्यांतरात बिअर बिअर म्हणूनच येते, पण 2018 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बिअरला 'पचायला चांगली' म्हणायला मनाई केली. दोन्ही देशांत खेळाडूच्या घामावर दारू विकली जाते, त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

इथलं सगळं घ्यावं असंही नाही. आईबाप सोबत असतील तर 14 वर्षांच्या मुलाला बिअर चालते, हे मला मान्य नाही. आपली 21 ची अट बरी. इथली बिअर फार स्वस्त आहे. अर्ध्या लिटरवर कर पाच सेंटसुद्धा नाही. पण कर लावायची रीत बघण्यासारखी आहे. बिअर उकळताना तिच्यात विरघळलेलं सत्त्व, म्हणजे मुख्यतः साखर, जितकं जास्त, तितका कर जास्त, म्हणजे स्ट्राँग आपोआप महाग. वर्षाला 2 लाख हेक्टोलिटरच्या आतल्या ब्रुअरीला सवलत, म्हणून आउफसेससारखी गावं टिकली. निव्वळ अल्कोहोलच्या लिटरमागे बिअरला साधारण 1.90 युरो आणि ब्रँडी-व्होडकाला 13.03. आणखी एक कलम असं की प्रत्येक मद्यालयात निदान एक बिनअल्कोहोलचं पेय सगळ्यांत स्वस्त मद्यापेक्षा महाग असता कामा नये.

राज्य उत्पादन शुल्क विभागाला यातलं पुष्कळ काही विधानसभेत गोंधळ न घालता करता येईल. पाच टक्क्यांच्या आतल्या बिअरवरचं शुल्क आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँगवरचं शुल्क ग्रॅमच्या हिशोबाने ठरवावं. छोट्या ब्रुअरीला उत्पादनाच्या टप्प्यांवर सवलत द्यावी. पबमध्ये लिंबू सोडा बिअरपेक्षा महाग विकायला बंदी घालावी. आणि 650 च्या बाटलीवर, टक्केवारीच्या शेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत '41 ग्रॅम' छापावं. जिथल्या बायकांनी बाटली आडवी केली आहे तिथे ती आडवीच राहू द्यावी.