‘कामगार कोर्टात मुदत नसते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: कामावरून काढलं तर घाई करू नका, कामगार कोर्टात मुदत नसते, केस एकदा दाखल झाली की ती मरत नाही, बाकी वकील बघून घेतो, आणि केस जितकी लांबेल तितका मागचा पगार (काढल्यापासूनच्या काळाचा) वाढतो. चटई कारखान्यातल्या, डाळमिलमधल्या, जिनिंगमधल्या पोरांनी हे खरं धरलं तर हक्काचं काम हातचं जाईल. म्हणून उत्तर देतो.

‘मुदत नसते.’ हे अर्धंच खरं, आणि तेही जुनं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात सरकारने वाद कोर्टाकडे पाठवायला मुदत घातलेली नव्हती. 1999 मध्ये सिरहिंदच्या एका सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की निव्वळ उशीर झाला म्हणून कामगाराची दाद नाकारता येत नाही. मेसेज इथेच थांबतो. पण उशिराच्या काळाचा पगार नाकारता येतो, हेही त्याच निकालात आहे. पुढच्याच वर्षी नेडुंगडी बँकेच्या प्रकरणात सात वर्षांनी उकरलेला वाद त्याच न्यायालयाने शिळा ठरवला. 2010 मध्ये याच कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कामगाराला थेट कोर्टात जाता आलं, पण काढल्यापासून तीन वर्षांच्या आत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात वाद उद्भवून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी (मालक-कामगारांत तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी) तो हातातच घेऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायची तर 90 दिवस. त्यानंतर गेलात तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवसच आहेत, आणि खान्देशात संस्थांच्या शाळा कमी नाहीत.

‘केस दाखल झाली की मरत नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पारावर ‘काय व्हयनं?’ विचारलं की ‘तारीख पडनी’ एवढंच उत्तर मिळतं. त्या तारखेला कोर्टात काय झालं हे त्या माणसालाही ठाऊक नसतं. काय झालं ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, लिहिलेलं असतं. तक्रारदार गैरहजर, वकील गैरहजर, पुराव्याचं शपथपत्र नाही, शेवटची संधी. त्याखालची ओळ येते ती तक्रार काढून टाकल्याची. माणूस सुरतेला मिलमध्ये लागलेला असतो, नोटीस गावच्या जुन्या पत्त्यावर येते, घरच्यांना ती कशाची ते कळत नाही. मालकाने कायदेशीर काढलं की बेकायदा, यावर एक शब्दही न बोलता प्रकरण संपतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण यातली कितीतरी माणसं पुराव्यावर जिंकली असती.

‘वकील बघून घेतो.’ वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये म्हटलं होतं. पण ही सरसकट माफी नाही. मधल्या काळात तुम्ही स्वतः काय केलंत, हे कोर्ट विचारतंच. दर तारखेनंतर रोजनामा बघा, पत्ता बदलला तर लेखी कळवा.

‘लांबेल तितका पगार वाढतो.’ तारखा तुमच्यामुळे पडल्या असतील तर नाही. 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागचा पगार हाच सर्वसाधारण नियम आहे, आणि बहुतेक वेळा विलंबाला पक्षकार जबाबदार नसतात, म्हणून केस लांबली या कारणाने पगार कापू नये. कामगारासाठी हा फार मोठा आधार आहे. पण त्याच निकालाप्रमाणे मधल्या काळात आपण बेकार होतो, किंवा कमी पगारावर होतो, हे कामगाराने आधी मांडावं लागतं. एकदा मांडलं की तो तसा नव्हता हे दाखवणं मालकावर येतं. कोर्टाकडे फिरकलाच नाहीत तर हे मांडणार कोण?

ज्यांची केस गैरहजेरीत निघालीच आहे, त्यांना मालकाकडचे लोक सांगतात की आता काही उरलं नाही. तेही खरं नाही. रोजनाम्याची आणि आदेशाची नक्कल काढा आणि केस पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, घ्यावी असा अर्ज लगेच करा. सोबत शपथपत्र जोडा, आजारपणाचे कागद असतील तर तेही. कळल्याची तारीख त्यात खरी लिहा; तिथून पुढचा प्रत्येक दिवस कोर्ट मोजतं.