‘आउटसायडर’मधला अरब हे कसलंही प्रतीक नाही

‘अल्बेर कामू पाच मिनिटांत’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. परवा मात्र तो माझ्या भाचीकडून आला. ती टीवायबीएला आहे, इंग्रजी साहित्य घेऊन, आणि त्यातले मुद्दे तिनं अंतर्गत परीक्षेच्या उत्तरात जसेच्या तसे उतरवले होते. वर विचारते, ‘‘मामा, कादंबरी पूर्ण वाचून झाली नाही, पण सार बरोबर आहे ना?’’ नाही, बरोबर नाही. आणि ‘आउटसायडर’ ही फ्रेंच लेखक कामूची सव्वाशे पानांच्या आसपासची कादंबरी न वाचता तिचं सार वाटत सुटणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.

मेसेजमध्ये काय म्हटलंय ते आधी सांगतो. कामू हा अस्तित्ववादाचा, म्हणजे आयुष्याचा अर्थ ज्याचा त्यानंच घडवायचा असं मानणाऱ्या विचाराचा, जनक. ‘आउटसायडर’चा संदेश असा की आयुष्याला अर्थ नाही, तेव्हा कशाचंच वाटून घेऊ नका, तिच्या नायकासारखे, मर्सोसारखे, बिनधास्त राहा. मर्सोला फाशी झाली ती आईच्या मयतीत रडला नाही म्हणून. समुद्रकिनाऱ्यावरचा खून (तिथं मर्सो एका अरबाला गोळ्या घालतो) हे निव्वळ प्रतीक, अल्जेरिया हे नेपथ्य, गोष्ट जगात कुठेही घडू शकली असती. आणि शेवटी, कामू अल्जेरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढला आणि या कादंबरीसाठी त्याला नोबेल मिळालं.

जनक वगैरे बाजूलाच ठेवा. ज्याला सहसा तो मान देतात तो डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द १८५५मध्ये वारला, कामू जन्मला १९१३मध्ये. आणि नोव्हेंबर १९४५मध्ये एका मुलाखतीत कामूनं स्वतः स्वच्छ सांगितलं आहे की मी अस्तित्ववादी नाही, सार्त्रचं (हा अस्तित्ववादाचा मुख्य फ्रेंच तत्त्वज्ञ) आणि माझं नाव जोडीनं घेतलेलं बघून आम्हा दोघांनाही नवल वाटतं. ‘मिथ ऑफ सिसिफस’ हे आपलं पुस्तक तथाकथित अस्तित्ववादी तत्त्वज्ञांच्या विरोधातच आहे, असंही तो तिथं म्हणाला. आपल्याकडे साठोत्तरी काळापासून एकट्या, चिडलेल्या नायकाची कुठलीही कादंबरी आली की तिच्यावर ‘अस्तित्ववादी’ हा शिक्का मारायची सवय आहे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा मुद्दा विशी-बाविशीतल्या पोरांना पाठवला जातोय, म्हणून तो मला घातक वाटतो. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, या टकरीला कामू ॲब्सर्ड म्हणतो. ‘सिसिफस’ची सुरुवातच तो आत्महत्येच्या प्रश्नानं करतो आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं देतो. अर्थ आयता मिळत नाही हे डोळे उघडे ठेवून मान्य करायचं आणि तरीही जगायचं, झगडायचं, हे त्याचं म्हणणं. ‘कशाचंच वाटून घेऊ नका’ हे त्यात कुठेही नाही. नाझींनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये ‘काँबा’ या भूमिगत वृत्तपत्रात जीव धोक्यात घालून काम करणारा माणूस हे कशाला सांगेल? मर्सोलाही सगळं जाणवत असतं. ऑफिसात दुपारी हात धुऊन पुसताना त्याला बरं वाटतं, संध्याकाळी तेवढं वाटत नाही, कारण दिवसभरात टॉवेल ओला झालेला असतो. मैत्रीण मारीच्या केसांचा खारा वास तो उशीत शोधतो. त्याला येत नाही ते न वाटणारं दुःख दाखवणं.

तिसऱ्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे, हे नाइलाजानं मान्य करतो. खटल्यात सरकारी वकील खुनापेक्षा मयतीवरच जास्त बोलतो: हा आईच्या शवपेटीजवळ दूध घातलेली कॉफी प्यायला, सिगारेट ओढली, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर पोहायला गेला, विनोदी सिनेमा पाहिला. बचावाचा वकील शेवटी वैतागून विचारतो, आरोप आईला पुरल्याचा आहे की माणूस मारल्याचा? आणि आईच्या अंत्ययात्रेत न रडणाऱ्याला या समाजात मृत्युदंड होऊ शकतो, असं कामूनंच १९५५च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. (शिक्षा फाशीची नाही, गिलोटीनची आहे. किमान एवढं तरी बघायचं.) पण हे खरं मानलं तर त्याच्या पोटात दुसरा प्रश्न येतो. मग ज्याला मारलं त्याचं काय? मेसेज तिथं म्हणतो, तो प्रतीक आहे. माझं भांडण आहे ते इथं.

कादंबरी वाचलेल्या माणसाला हे म्हणवणार नाही. मर्सोचा शेजारी रेमों आपल्या रखेलीला मारहाण करतो आणि तिला अद्दल घडवायची म्हणून मर्सोकडून एक पत्र लिहून घेतो. तो तिचं नाव सांगतो, आणि त्या नावावरून मर्सोच्या लक्षात येतं की बाई स्थानिक आहे, युरोपीय नाही. नाव मर्सोनं ऐकलं. आपल्याला मात्र तो ते कधीच सांगत नाही. पुढे पोलिसांत मर्सो साक्ष देतो की बाईनंच रेमोंला फसवलं. रेमों ताकीद देऊन सुटतो, आणि मर्सोचं म्हणणं कुणी तपासूनही बघत नाही. हे त्याच एका ओळीत लिहिलंय. किनाऱ्यावर मेलेला माणूस या बाईचा भाऊ म्हणून रेमों दाखवतो. त्यालाही नाव नाही. खटल्यात वृद्धाश्रमाचा संचालक येतो, दरवान येतो, खानावळवाला सेलेस्त येतो, कुत्रं हरवलेला म्हातारा सालामानोसुद्धा येतो. मेलेल्याच्या बाजूनं एकही माणूस येत नाही. त्या बहिणीलाही कुणी बोलावत नाही. गोळी लागण्याआधी त्या माणसानं सुरा काढला होता, हेही तिथं कुणाला महत्त्वाचं वाटत नाही.

हे कुठेही घडू शकलं असतं? फ्रान्सनं १८३०मध्ये अल्जीयर्स घेतलं. १८६५च्या कायद्यानं तिथले मुसलमान फ्रान्सचे प्रजाजन झाले, नागरिक नव्हे. नागरिक व्हायचं तर आपला धार्मिक व्यक्तिगत कायदा सोडायचा. १८८१ सालापासून त्यांच्यासाठी वेगळी दंडसंहिता होती, तिच्याखाली युरोपीय माणसाला लागू नसलेले ‘गुन्हे’ होते आणि अधिकारी कोर्टाशिवाय शिक्षा करू शकत. कादंबरीच्या काळात तिथं जवळपास दहा लाख युरोपीय होते आणि साठ लाखांहून जास्त मुसलमान. कॉनर क्रूझ ओब्रायन या आयरिश लेखकानं १९७०मध्ये दाखवून दिलं की सुरा काढलेल्या अरबाला मारल्याबद्दल युरोपीय माणसाला तिथलं कोर्ट मृत्युदंड देणं जवळपास अशक्य होतं. आता खटला परत वाचा. मर्सोला दोषी ठरवायला कोर्टाला आईची मयत लागते, कारण मेलेल्या माणसाचं वजन त्या कोर्टात पुरत नाही. नेपथ्य म्हणून अल्जेरिया काढून टाकली तर हा खटलाच कळत नाही.

‘कामूला स्थानिक लोक दिसलेच नाहीत, म्हणून नाव नाही’ असंही त्या मेसेजखाली कुणीतरी शहाणपण जोडलंय. जून १९३९मध्ये पंचवीस वर्षांचा कामू ‘आल्जे रेपुब्लिकें’ या वृत्तपत्रासाठी अल्जेरियातल्या काबिलियाच्या डोंगराळ भागात गेला आणि तिथल्या उपासमारीवर लेखमाला लिहिली. तिझी-उझू गावात एका सकाळी त्यानं फाटक्या कपड्यांतली पोरं कचऱ्याच्या डब्यातल्या अन्नासाठी कुत्र्यांशी झगडताना पाहिली, ते जसंच्या तसं छापलं. दहा-बारा तासांच्या मजुरीला सहा ते दहा फ्रँक मिळतात हे आकड्यांनिशी मांडलं आणि या राबवण्याला गुलामगिरी म्हटलं. ही लेखमाला लिहिणाऱ्यानंच पुढच्या मे महिन्यात ‘आउटसायडर’ हातावेगळी केली. त्याला सगळं दिसलं होतं. म्हणून अरबाचं नाव नसणं मी मर्सोच्या नजरेचा भाग मानतो, लेखकाच्या अज्ञानाचा नाही. यावर वाद होऊ शकतो, वसाहतवादाचे टीकाकार एडवर्ड सईद यांनी तो जोरात घातलाच आहे. पण तो वाद घालायला तरी मेलेला माणूस अरब आहे हे आधी मान्य करावं लागतं.

भाचीला मी दुसऱ्या भागातलं तुरुंगाचं प्रकरण आधी वाचायला सांगितलं. अटकेच्या दिवशी मर्सोला एका खोलीत टाकतात, तिथले बहुतेक कैदी अरब असतात. त्याला बघून ते हसतात, विचारतात, काय केलंस? तो सांगतो, एका अरबाला मारलं. सगळे गप्प होतात. थोड्या वेळानं अंधार पडतो आणि तेच लोक त्याला झोपायची चटई कशी अंथरायची, एक टोक गुंडाळून उशी कशी करायची ते समजावून देतात. कोर्टात वकील एवढे बोलतात, पण मेलेल्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त याच चार ओळींतून कळलं. आणि अल्जेरियन लेखकांना तर ही जागा कायम खुपत राहिली. कामेल दाऊद यांनी २०१३मध्ये त्या मेलेल्या अरबाच्या भावाच्या तोंडून अख्खी कादंबरी लिहिली आणि त्या मेलेल्याला नाव दिलं, मूसा.

राहिलं स्वातंत्र्ययुद्ध आणि नोबेल. १९५७चं नोबेल कामूला एकूण लेखनासाठी मिळालं, एका कादंबरीसाठी नाही. आणि तो अल्जेरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढला हे तर धादांत खोटं आहे. त्याला समान हक्क हवे होते, जुलूम थांबायला हवा होता, पण फ्रान्सपासून पूर्ण फारकत नको होती. जानेवारी १९५६मध्ये त्यानं अल्जीयर्सला जाऊन फ्रेंच सरकार आणि स्वातंत्र्यासाठी लढणारे अशा दोन्ही बाजूंना एवढंच विनवलं की निदान सामान्य माणसांना मारू नका. बाहेर त्याच्याच, म्हणजे अल्जेरियात राहणाऱ्या युरोपीय समाजातले लोक त्याच्या नावानं मृत्यूच्या घोषणा देत होते. अल्जेरियावरच्या लेखांच्या १९५८च्या पुस्तकातही तो स्वातंत्र्याच्या बाजूला गेला नाही. यात तो चुकला असं माझं ठाम मत आहे, आणि त्याच्यावर प्रेम असूनही ते मी भाचीला तसंच सांगितलं. १९६२मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा कामूला जाऊन दोन वर्षं झाली होती.