‘दहा कुंड्या, विषमुक्त घर’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज आता बहुतेक सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरून गेलाय, आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर तर तो दर थोड्या दिवसांनी नवीन फोटो लावून परत येतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाजारची भाजी म्हणजे सरळ विष, गच्चीवर दहा कुंड्या लावल्या की चार माणसांची वर्षभराची भाजी घरी, तोवर बाजारची आणलीच तर मीठ-सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, शंभर टक्के विष बाहेर, किचनचा ओला कचरा आणि ताजं शेण थेट कुंडीत टाका, सात दिवसांत खत, कीड आली तर तंबाखूचं पाणी मारा, नैसर्गिक आहे, सकाळी उपाशीपोटी घरच्या दुधीचा रस, आयोडीनचं मीठ बंद, सैंधव सुरू, आणि तीन महिन्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

मला गार्डनिंग आवडतं, गच्चीत कुंड्या आहेत, त्यामुळे कोणी कुंड्या लावू नका असं मी म्हणणार नाहीये. पण या मेसेजमधली बरीच वाक्यं चुकीची आहेत आणि दोन-तीन तर धोकादायक आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी दहा कुंड्यांचा हिशोब, कारण तो कोणी करतच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या गाइडलाइनप्रमाणे एका मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी लागते. चार माणसं म्हणजे रोजची १.६ किलो, वर्षाची ५८० किलोच्या आसपास. आता बारा इंची कुंडीचं तोंड मोजा, दहा कुंड्या मिळून एक चौरस मीटरसुद्धा होत नाही, पाऊण मीटरच्या आतच. आपल्या देशात भाज्यांचं सरासरी उत्पादन हेक्टरी १७-१८ टन, म्हणजे एका चौरस मीटरला एका पिकात पावणेदोन किलो. तुम्ही शेतकऱ्यापेक्षा तिप्पट हुशार आहात असं धरू, वर्षात तीन पिकं काढता असंही धरू, तरी दहा कुंड्यांतून वर्षाला बारा किलोपर्यंत जाल. चार माणसांची एका आठवड्याची भाजी. वर्षभर पाणी घालून, माकडं हाकलून, मे महिन्यात ४० च्या वर पारा गेला की हिरवी नेट बांधून, एक आठवडा!

मग कोणीतरी म्हणतं, कुंड्या कशाला, गच्चीवर विटा लावून फूटभर माती भरू. थांबा भिया. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, फूटभर थर म्हणजे एका चौरस मीटरवर साडेचारशे-पाचशे किलो. आणि आपल्याकडच्या बांधकामाच्या कोडप्रमाणे (आयएस ८७५) माणसांच्या येण्याजाण्याची सपाट गच्ची डिझाइन करताना जो वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास असतो. जुन्या वाड्यांची तर गोष्टच सोडा, तिथे लाकडी पाटण्यांवर माती आहे. त्यात आपली माळव्याची काळी माती, पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगा, कुंडीत ती नुसती भरली तर मुळं गुदमरतात. अर्धी माती, अर्धं खत-कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं हलकं मिश्रण करा, ड्रम आणि मोठ्या कुंड्या भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा, आणि वाफे करायचेच असतील तर आधी इंजिनिअरला गच्ची दाखवा.

आता ‘बाजारची भाजी म्हणजे विष’. यात थोडं खरं आहे म्हणूनच ते पसरतं. फवारणी जास्त होते, फवारल्यावर तोडणीआधी थांबायचे दिवस सगळे पाळत नाहीत, आणि नाल्याच्या पाण्यावर भाज्या पिकवणं हा कुठल्याही मोठ्या शहराच्या कडेचा जुना प्रॉब्लेम आहे, आपल्या कान्ह नदीच्या काठाने ज्यांनी वर्षानुवर्षं ये-जा केलीय त्यांना मी काय सांगू. पण फवारलेल्या औषधाचे अवशेष सापडणं वेगळं आणि विषबाधा होईल इतके असणं वेगळं, त्यासाठी प्रत्येक औषधाची मर्यादा ठरवलेली असते, किलोमागे किती मिलिग्रॅमपर्यंत चालेल अशी, आणि ती मर्यादा बरीच राखून ठरवतात. माझी खरी तक्रार दुसरी आहे. हा मेसेज वाचून लोक घरी भाजी पिकवत नाहीत, ते भाजी खाणं कमी करतात. आमच्या नात्यातल्या एक काकू चोइथराम मंडीची भाजी ‘औषधाची’ म्हणून आणत नाहीत आणि संध्याकाळी ताटात शेव-परमल (मुरमुरे), वर कांदा-लिंबू. शेवेचं बेसन कुठल्या शेतातून आलं, तेल कितव्यांदा तापलं, हे कोणी विचारत नाही! भाजी न खाण्याचं नुकसान पक्कं असतं, बीपीला, पोटाला, शुगरला, आणि ते त्या अवशेषांच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठं.

सोड्याचं म्हणाल तर त्या दाव्याला एक मूळ आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर फवारणीची दोन औषधं लावून प्रयोग केला होता, आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध साध्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं, हे खरं. पण त्याच प्रयोगात एका औषधाचा साधारण पाचवा भाग सालीतून आत गेलेला होता आणि तो काही निघाला नाही. सफरचंद, दोन औषधं, वरून लावलेली. त्याचं ‘सगळ्या भाज्या, शंभर टक्के’ कसं झालं ते फॉरवर्ड करणाऱ्यांनाच माहीत. कितीतरी औषधं झाड मुळातून किंवा पानातून आत शोषून घेतं, ती कुठल्याच पाण्याने धुतली जात नाहीत. तेव्हा नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, कोबीची वरची पानं काढा, जमेल तिथे साल काढा, एकाच भाजीवर महिना काढू नका. सोडा घालायचा तर घाला, बिघडत काही नाही.

ओला कचरा थेट कुंडीत, सात दिवसांत खत. हे इंदूरच्या माणसाने फॉरवर्ड करावं याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण जगात कंपोस्टच्या ज्या पद्धतीला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती इथेच तयार झाली, आपल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, तेव्हा तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती, १९२४ मध्ये होळकर दरबारच्या जागेवर उभी राहिलेली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे काही वर्षं काम करून १९३१ मध्ये ती पद्धत पुस्तकात छापली. ऑरगॅनिक शेतीचा इतिहास सांगणारे हॉवर्ड यांचं नाव घेतात, वाडांचं नाव आपण मराठी माणसंसुद्धा घेत नाही, ते जाऊ दे. पद्धत काय होती? शेतातला सुका काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर, ओलावा भिजवून पिळलेल्या फडक्याइतका, ढीग आतून तापतो, मग तो ठरावीक दिवसांनी उलटसुलट करायचा म्हणजे हवा मिळते, आणि खत तयार व्हायला साधारण तीन महिने. तीन महिने, सात दिवस नाही, आणि तेही जनावरं, मजूर आणि जागा सगळं हाताशी असताना.

कुंडीत थेट साली टाकल्या तर त्या कुजताना मुळांपाशी हवा कमी पडते, चिलटं होतात, झुरळं येतात, उंदीर माती उकरतात, आणि झाड पिवळं पडलं की आपण म्हणतो खत कमी पडलं म्हणून अजून साली. वेगळा ड्रम घ्या, खालून-बाजूने भोकं पाडा, एक भाग ओलं तर दोन भाग सुकं (पालापाचोळा, फाडलेला पुठ्ठा), आठवड्याला हलवा. किंवा सरळ कचरागाडीत द्या, गिल्ट कशाला घ्यायचं, आपल्या शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा तो दिवसाला ५५० टनांचा होता, त्यातून गॅस आणि खत दोन्ही निघतं.

ताजं शेण तर कोथिंबीर-पालकाच्या कुंडीत अजिबात नको. त्यात पोट बिघडवणारे जंतू असतात आणि आपण ती पानं कच्ची खातो. अमेरिकेत ऑरगॅनिकचा जो सरकारी नियम आहे त्यातसुद्धा कच्चं शेण घातलं तर मातीला टेकणारं पीक १२० दिवस काढायचं नाही असं आहे. मुरलेलं, मातीचा वास येणारं शेणखत घ्या.

तंबाखूच्या पाण्यावर मी जरा चिडतोच. तंबाखूत असतं निकोटिन, ते किडे मारतं कारण ते विष आहे, आणि माणसालाही विषच आहे, हाताच्या कातडीतूनसुद्धा आत जातं. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक तर आपल्या देशात वापरायला बंदी आहे. म्हणजे बाजारची भाजी विषारी म्हणून घरी लावायची आणि त्यावर बंदी घातलेल्या औषधाचा भाऊ घरी उकळून मारायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोडून मुलांना सूप! मावा (कोवळ्या पानांवरची बारीक कीड) असेल तर आधी नुसत्या पाण्याची जोरात धार मारा, अर्धा तिथेच जातो. नाही गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडा साधा साबण, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आणि ती नीमतेलाची बाटलीसुद्धा मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, लहान मुलांना पाजून विषबाधा झाल्याच्या केसेस आहेत.

दुधीचा रस. इथे प्लीज सगळ्यांनी थांबून वाचा. दुधी, काकडी, गिलकी (घोसाळी), भोपळा या सगळ्या वेलांत कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, एरवी अगदी कमी, पण वेलाला उन्हाचा-पाण्याचा ताण पडला किंवा घरी धरलेलं बी कुठल्या कडू वेलाच्या परागाने तयार झालेलं असलं तर फळात ते खूप वाढू शकतं. आपल्या देशात कडू दुधीचा रस पिऊन माणसं गेली आहेत, त्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमली आणि त्यांनी सरळ सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या, आणि प्यायल्यावर मळमळ-उलटी-पोटदुखी सुरू झाली तर लगेच हॉस्पिटल गाठा. शिजवल्याने हे विष जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीत एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतल्या झुकिनीची (भोपळ्याच्याच कुळातली) शिजवलेली भाजी खाऊन गेले, कडू लागली होती तरी खाल्ली.

आणि आपल्याकडे काय शिकवतात? कडू तेच औषध. नाक दाबून पी, शुगर जाईल. कारल्याला चालतं ते, दुधीला नाही! गच्चीवरच्या दुधीला तर मे-जूनच्या ताणामुळे जास्तच जपायला हवं. स्वतःच्या हाताने वाढवलेलं फळ फेकायला जीव होत नाही हे मला कळतं, पण कडू निघालं तर ते भाजीतही नको, गाईलाही नको.

सैंधवाचं एका परिच्छेदात आटोपतो. सैंधव विष नाही, उपासाला खातोच आपण, पण त्यात आयोडीन पुरेसं नसतं, आणि घरच्या भाजीतही ते मातीत असेल तेवढंच येणार. गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम १९६२ पासून चाललाय तो काही उगाच नाही. घरात कोणी गरोदर असेल तर रोजचं मीठ आयोडीनचंच ठेवा, बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. ज्यांना बीपी आहे त्यांनी दोन्ही मिठं कमी करायची, सैंधवातसुद्धा सोडियमच असतं.

राहिल्या गोळ्या. भाजी वाढवली, चालणं वाढवलं, वजन उतरलं की काही जणांचा डोस डॉक्टर खरंच कमी करतात. पण ते रिपोर्ट बघून करतात, कुंड्या मोजून नाही. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. आणि अजून एक, जे कोणी सांगत नाही: रक्त पातळ करायची वॉर्फरिन सारखी गोळी चालू असेल आणि तुम्ही अचानक रोज जुडीभर पालक सुरू केला, तर त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. किडनीच्या पेशंटला पालक-टोमॅटोतलं पोटॅशियम जड जाऊ शकतं. अशा घरांत भाजी वाढवायच्या आधी डॉक्टरांना एक फोन करा.

मग दहा कुंड्यांत लावायचं काय, असं ग्रुपवर एका ताईंनी विचारलं म्हणून लिहितो. जे थोडं लागतं, ताजं लागतं आणि फ्रिजमध्ये सडतं ते: कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, चार-दोन मिरच्या. ऑक्टोबर लागला की मेथी आणि पालक, मेथी तर तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात कापायला येते. पावसाळ्यात एखाद्या मोठ्या ड्रममध्ये गिलकी, जाळीवर चढवून. दुधी लावलाच तर त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, गच्चीवर पतंग (रात्री उडणारे किडे) कमी येतात म्हणून कोवळी फळं पिवळी पडून गळतात, तेव्हा दिवेलागणीला नर फुल तोडून मादी फुलावर हलकं फिरवा, मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतोच, ओळखायला सोपं आहे. बाकीची भाजी मंडीतूनच आणा, आणि भरपूर आणा.