गावकारीवरील पुस्तकाच्या परिचयाबाबत एका वाचकाला उत्तर

महोदय,

गावकारी म्हणजे गोव्यात गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी गावकारांची संस्था, तिच्या जुन्या हिशेबांवरील माझ्या इंग्रजी पुस्तकाचा परिचय मी गेल्या आठवड्यात येथे करून दिला. त्यावर 'एक गोमंतकीय' या नावाने आपण लिहिता: "हे पुस्तक तुम्ही विद्यापीठातल्या चार जणांसाठी लिहिले आणि आता आम्हांला दोन पानांचा खाऊ वाटून लोकांत असल्याचा आव आणता. किंमत पाहून घेरी आली. शिवाय पुस्तकाने नेमके काय सिद्ध केले ते लेखात कुठेच नाही. मानशीच्या आणि बांधांच्या सुरस गोष्टी तेवढ्या आहेत. आणि मूळ पुस्तक मराठीत का नाही?"

किमतीबाबतचे आपले म्हणणे रास्त आहे. मलाही ती जास्त वाटते. ती प्रकाशक ठरवतो आणि मोजक्याच प्रती निघणाऱ्या अभ्यासग्रंथांच्या किमती बहुधा अशाच असतात, हे खरे असले तरी वाचकाच्या खिशाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. म्हणूनच एक प्रत मी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली आहे.

पहिल्या वाक्यापाशी मात्र मला थांबणे भाग आहे. ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या मनातला हेतू आपण एका ओळीत ठरवून मोकळे झालात, आणि तेही स्वतःचे नाव न देता. मतभेदाचे मला वावडे नाही. माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत याहून कठोर प्रश्न मी ऐकले आहेत, पण विचारणारे समोर बसलेले होते आणि त्यांनी प्रबंध वाचलेला होता.

'लोकांत असल्याचा आव' असे आपण म्हणता, तेव्हा हे सांगायला हवे की माझे वडील गावकार नव्हते, कोमुनिदादीचे (गावकारीचे पोर्तुगीज नाव) खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत, कसणारे कूळ होते. वर्षअखेरीस गावकारांना मिळणारी झण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, आमच्या घरात कधी आली नाही. आमच्याकडे येई ती मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराशी धरलेली मासळी, ज्या वर्षी पावणी (मासेमारीच्या हक्काचा लिलाव) वडिलांच्या नावावर उतरे त्या वर्षी. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याने आपसूक मिटतात आणि ओहोटीला उघडतात. शेतातले पाणी बाहेर धाव घेते तेव्हा तोंडाशी जाळे बांधून वडील रात्रभर बसत, आणि पहाटे मोठी सुंगटे (कोळंबी) टोपलीत वेगळी काढून ठेवत, कारण ती विकायची असत, आमच्या जेवणात येत नसत. बांधाला भगदाड पडले की चिखल, पेंढा आणि दगड वाहायला सगळे वाडे धावत. त्यात मीही असे. ज्या गोष्टी आपल्याला सुरस वाटल्या, त्यांवर आमच्या घरची चूल चालत होती. अशा माणसाने लोकांत असल्याचा आव आणायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे आपणच सांगावे.

अभ्यासकाने आपल्या ग्रंथाचा परिचय सामान्य वाचकाला करून देणे यात आपल्याला लबाडी का दिसावी, हेही मला उमगत नाही. आपल्याच सांखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये विशुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनावर खपले. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५० साली तेथून प्रसिद्ध झाला आणि पाली जाणणाऱ्या थोड्यांच्याच उपयोगाचा होता. याच माणसाने मराठी वाचकासाठी बुद्धाचे चरित्रही लिहिले. त्याला कोणी खाऊ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. (मी स्वतःला त्यांच्या पंगतीला बसवत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर आपली पुढची प्रतिक्रिया त्यावरच येईल.) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत शोधनिबंधाला आणि पुस्तकाला गुण आहेत, ब्लॉगवरच्या लेखाला नाहीत, तेव्हा दोन पाने लिहिण्यात माझा स्वार्थ शोधायला आपल्याला बरेच श्रम पडतील.

पुस्तकाने काय सिद्ध केले, हा प्रश्न उरतो. परिचयलेख म्हणजे ग्रंथाचा गोषवारा नव्हे, एवढे उत्तर खरे तर पुरे आहे. तरीही आपल्या समाधानासाठी सांगतो: १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारांच्या रूढी नोंदवून घेतल्या, आणि गावकारीविषयी लिहिणारे बहुतेक जण त्या कलमांपासून सुरुवात करतात. मी गावकारीच्या हिशेबाच्या वह्यांपासून केली. कलमात बांधाची जबाबदारी कोणावर होती आणि वहीत त्या दुरुस्तीचा पैसा कोणाच्या हिश्शातून वळता झाला, यांत पडणारे अंतर हा पुस्तकाचा विषय आहे. पुरावे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात तळटिपांसह दिले आहेत. ते दोन पानांत मावत नाहीत, आणि मावले असते तर मी पुस्तक लिहिलेच नसते. प्रतिक्रिया लिहिण्यात गेलेल्या वेळात पाटोपर्यंत जाऊन निदान प्रस्तावना वाचून होण्यासारखी होती.

मराठी आवृत्तीबद्दल आपण विचारले आहे. प्रकाशकाशी बोलणे चालू आहे. ठरले की येथेच कळवीन. तिसऱ्या प्रकरणातील एखाद्या नोंदीवर आपला आक्षेप असेल तर पान क्रमांकासह आणि स्वतःच्या नावाने लिहावा, त्याला उत्तर देईन.