दाजी, आज ईझी आहे

मेहुणी दोन दिवस मुक्कामाला येतेय म्हटल्यावर माणूस मनात बेत आखतो. एक दिवस कास, एक दिवस ठोसेघर, रात्री राजवाड्यावर चौपाटी. पण माझी धाकटी मेहुणी ट्रायथलॉन खेळते, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ. नुसती खेळत नाही, तिच्या वयोगटात पहिली येते. त्यामुळे बेत तिचा होता आणि तो तिच्या प्रशिक्षकाने पाठवला होता. त्यात भेळ नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या एका हातात अलगद उचललेली सायकल होती आणि माझ्या दोन्ही हातांत तिची बॅग. दोन जिने चढल्यावर धापा कोण टाकत होतं हे सांगायला नको. सायकल पार्किंगमध्ये लावू, असं मी सुचवलं. दोघी बहिणींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तान्ह्या बाळाला गॅलरीत झोपवायला सांगत होतो. मग किंमत कळली. आमच्या स्कूटरच्या दुपटीहून जास्त. आई म्हणाली, "एवढ्यात इंजिन पण आलं असतं की गं."

जेवताना आईने विचारलं, नक्की करायचं काय असतं त्या खेळात. मेहुणीने शांतपणे सांगितलं. मोठी स्पर्धा असेल, ज्याला आयर्नमॅन म्हणतात, तर आधी ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावायचं. सगळं एका दमात, साधारण १७ तासांच्या आत. आईच्या चेहऱ्यावर आकडे उमटेनात, म्हणून मी साताऱ्याच्या भाषेत करून सांगितलं. समज, आधी नदीत पोहून घेतलं. मग सायकलवर पुण्याला जायचं, पुण्याहून उलटं फिरून खंबाटकीपर्यंत यायचं, तिथे सायकल टाकायची आणि साताऱ्यापर्यंत पळत यायचं.

आई बराच वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "आणि पुण्यात काम काय नसतंय?"

हा आयर्नमॅन मुळात सुरू झाला तो वादातून. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला का पळणारा, यावर हवाईत चर्चा झडली आणि जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तिन्ही एकत्र करून टाकलं. १९७८ साली पहिल्या स्पर्धेला १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. हाच वाद पोवई नाक्यावर निघाला असता तर दोन कटिंग आणि एका भज्यांच्या प्लेटीत मिटला असता. पण नौदलाकडे भजी नसावीत.

झोपताना ती म्हणाली, "दाजी, तुम्ही पण चला ना उद्या. उद्या ईझी आहे."

या वाक्याला मी हो म्हणालो. बायकोने फक्त "बरं" एवढंच म्हटलं. वीस वर्षांच्या संसारात तिच्या या "बरं"चा अर्थ मला लागायला हवा होता.

पहाटे पावणेपाचला उठलो. पोहण्यासाठी चुलतभावाच्या मळ्यातली विहीर ठरली होती. त्याच विहिरीत पाठीला रॉकेलचा डबा बांधून मी पोहायला शिकलो, त्यामुळे निदान इथे तरी आपली इज्जत राहील असा हिशेब होता. मेहुणीने विहिरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "छोटी आहे." लहानपणापासून ज्या विहिरीला आम्ही समुद्र समजत आलो, ती छोटी! मग तिने पिशवीतून कमरेचा पट्टा आणि लांबलचक रबरी दोरी काढली. दोरीचं एक टोक पायरीजवळच्या लोखंडी कडीला, दुसरं कमरेला. पाण्यात उतरली आणि पोहायला लागली. दोरी ताणली गेली. ती पोहतेय, पाणी कापतेय, हात चक्रासारखे फिरताहेत, पण जागची हलत नाही.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. मोटार चालू करायला आलेले शेजारच्या मळ्यातले आप्पा काठावर येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी दोघं आले. दुधाचं कॅन घेऊन निघालेला एक पोरगा गाडी स्टँडला लावून बसला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. शेवटी आप्पा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरगी मघाधरनं पोहतीया. पण जाईना कुठंच."

मी म्हणालो, दोरी बांधलीय.

"व्हय, दिसतीया. पण मग सोडा की तिला!"

तेवढ्यात तिने मान वर करून हाक मारली, "दाजी, या ना!" काठावर गाव जमलेलं. अशा वेळी माणूस पायऱ्यांनी उतरत नाही. मी पस्तीस वर्षांपूर्वीचा मुटका मारला. मुटका पस्तीस वर्षांपूर्वीचाच होता, पोट मात्र आत्ताचं. आवाज असा झाला की कडुलिंबावरचे बगळे उडाले. वर आलो तेव्हा नाकात पाणी, कानात पाणी, आणि मेहुणी विचारत होती, "दाजी, श्वास किती स्ट्रोकनंतर घेता?" जमेल तेव्हा घेतो, हे उत्तर मी पाण्यातच दिलं. चार फेऱ्यांत मी पायरी धरली. ती आणखी पंचवीस मिनिटं दोरीला लढत राहिली. गाव हळूहळू पांगलं. आप्पा मात्र शेवटपर्यंत थांबले. दोरी सुटल्यावर ती पुढे जाते का, एवढं त्यांना बघायचं होतं.

दुपारी यवतेश्वर घाट. हा घाट माझ्या चांगल्या ओळखीचा, फक्त प्रेक्षक म्हणून. २०१२ पासून इथे हिल मॅरेथॉन होते, पहाटे हजारो माणसं हा घाट पळत चढतात, आणि मी दरवर्षी बोगद्यापाशी उभा राहून टाळ्या वाजवतो. "शाब्बास, थोडंच राहिलंय!" असं मी आजवर कितीतरी लोकांना ओरडून सांगितलंय. त्या सगळ्यांची मी इथे जाहीर माफी मागतो. थोडं काहीही राहिलेलं नसतं.

शेजारच्या पोराची गिअरची सायकल मागून आणली होती. बोगद्यापाशी आलो आणि चढ सुरू झाला. मेहुणी माझ्या बाजूने, माझ्याच वेगाने. मला वाटलं, चढ तिलाही जड जातोय. मग लक्षात आलं, ती गप्पा मारतेय. लग्नातले किस्से, नव्या भाड्याच्या घराचा मालक, बहिणीच्या लहानपणीच्या खोड्या. मी "हं" म्हणत होतो. तिने समजावलं, याला झोन टू म्हणतात. सराव सावकाशच करायचा असतो, इतका की बोलताना पूर्ण वाक्य तोंडून निघालं पाहिजे. वाक्य तुटलं तर वेग जास्त आहे असं समजायचं.

माझं "हं" पण तुटत होतं.

तिने आपलं जुनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं होतं. तिचे ठोके ११८, माझे १७४. "अरे वा दाजी, तुमचं तर इंटर्व्हल चाललंय!" ती कौतुकाने म्हणाली. इंटर्व्हल म्हणजे मध्ये मध्ये पूर्ण जोर लावून करायचा सराव. तिची एकच खोड मला सहन होईना, ती म्हणजे हे कौतुक. हसली असती तर बरं झालं असतं. चौथ्या वळणावर मी उतरून सायकल ढकलू लागलो, तर तीही उतरली आणि सोबत चालू लागली. खाली सातारा दिसत होता, समोर अजिंक्यतारा. पाच मिनिटं मी शहराकडे पाहण्यात घालवली. इतक्या प्रेमाने मी साताऱ्याकडे आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घाट उतरून घरापाशी आलो तर म्हणे लगेच दोन किलोमीटर पळायचं. सायकलवरून उतरून थेट पळण्याच्या या सरावाला ब्रिक म्हणतात. पाय विटांसारखे होतात म्हणून, असं ती म्हणाली. माझ्या पायांची तर भट्टीच लागली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत पळालो आणि तिथेच खरेदीला थांबलो. मलम घेतलं.

आता पेढ्यांचं. खेळाडू माणूस गोड कशाला खाईल म्हणून मोती चौकातून कंदी पेढे आणले होते ते खरं तर माझ्या भरवशावर. तिने बसल्या बसल्या सात खाल्ले. लांबच्या सरावात तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, त्यासाठी लोक महागडी एनर्जी जेल घेतात, पेढा त्याहून बरा, असं तिचं म्हणणं. उरलेल्यांतले चार तिने चांदीच्या कागदात गुंडाळून सायकलच्या पिशवीत ठेवले. मी एक उचलला तर बायको म्हणाली, "अहो, साखर." सात खाणारीला शास्त्र, एक खाणाऱ्याला साखर.

रविवारी मी फक्त पार्किंगमध्ये टॉवेल धरून उभा होतो. पोहण्यातून सायकलवर, सायकलवरून पळण्यावर जाताना सेकंद वाया जाऊ नयेत याचाही सराव असतो. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, नाहीतर शिक्षा होते. ती अकरा वेळा आली, अकरा वेळा गेली. वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, ताई काही विसरतायत का.

संध्याकाळी निघताना तिने सांगितलं. तीन आठवडे जोरात झाले की चौथा आठवडा विश्रांतीचा असतो. हा तिचा विश्रांतीचा आठवडा होता. म्हणून तर मुद्दाम आमच्याकडे आली.

सोमवारी पतसंस्थेत जिना चढलो तो कठड्याच्या कृपेने. उतरताना मांड्या ऐकेनात, म्हणून कठडा धरून पाठमोरा उतरलो. शिपाई दोन पायऱ्या खाली उभा राहून बघत होता. "साहेब, काही पडलंय का?" मी नाही म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. मेहुणीचा निरोप होता : प्रशिक्षक खूश आहेत, विश्रांती छान झाली, पुढच्या महिन्यात खऱ्या ट्रेनिंगला येते, घाट मस्त आहे.

घरी पोचलो तर हॉलच्या भिंतीपाशी सिमेंटचा भुगा पडला होता. बायको झाडू मारत होती. सायकल टांगायला सुताराकडून हूक ठोकून घेतले होते.

दोन.