तुटलेलं हँडल

चहा यायच्या आत पक्याने काडी टाकली. "मिनार्स्की शूर होता, वादच नाही. पण फुकट गेला. ज्याला सोडवायला गेला तो शेवटी वाचलाच की!"

"वाचला हे तुला आज माहीत आहे," अण्णा म्हणाले. "त्याला तेव्हा काय दिसत होतं ते बोल."

नव्याने आलेल्यांसाठी मास्तरांनी थोडक्यात सांगितलं. अँड्र्यू मिनार्स्की, विनिपेगचा, पोलिश आईबापांचा पोरगा. दुसऱ्या महायुद्धाआधी फरच्या धंद्यात कामाला होता. कॅनडाच्या हवाई दलाची ४१९ स्क्वाड्रन, तळ इंग्लंडमध्ये मिडल्टन सेंट जॉर्ज. विमान लँकॅस्टर केबी७२६, सात जणांचं बॉम्बफेकी. १२ जून १९४४ ची रात्र, नॉर्मंडीत फौजा उतरून सहा दिवस झालेले, लक्ष्य फ्रान्समधल्या कांब्रेचं रेल्वे यार्ड. मिनार्स्की, वय २७, विमानाच्या पाठीवरच्या टरेटात, म्हणजे मशीनगनवाल्याच्या फिरत्या खोपट्यात; पॅट ब्रॉफी शेपटीच्या. सोडवायला गेला तो या ब्रॉफीला.

"आणि तेरावी मोहीम, तारीखही उजाडता १३," पक्या म्हणाला.

"ते सोड. खालून आलेलं जर्मन लढाऊ विमान, युंकर्स ८८ बघ," मास्तर म्हणाले. "लँकॅस्टरच्या पोटाखाली पाहायला धड कुणी नाही. ब्रॉफीने ओरडून सांगितलं, पायलटने नेम चुकवायला विमान कॉर्कस्क्रूत, म्हणजे पिळाच्या स्क्रूसारखं वळवत टाकलं, तरी डावीकडची दोन्ही इंजिनं गेली. डावा पंख पेटला आणि दोन टरेटांच्या मधोमध आग."

"चार मशीनगन होत्या ना ब्रॉफीकडे?"

"होत्या. ब्राउनिंग, .३०३ च्या. गोळ्या एकेकीला अडीच हजार, म्हणजे दहा हजार. पण ती रायफलचीच गोळी. समोर २० मिलिमीटरची तोफ. तो लांबून फोडणार, तुझी गोळी पोचेपर्यंत तिचा दम संपलेला."

इथे अण्णांनी चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि तो फिरवून दाखवला. "पक्या, खरी मेख इथे आहे. टरेट म्हणजे फिरता पिंजरा. शेपटीचा गनर मागे तोंड करून बसलेला, पाठीशी दोन सरकती दारं. आत इतकी अडचण की पॅराशूट घालून बसताच येत नाही. ते बाहेर, विमानाच्या धडात अडकवलेलं. आता उडी मारायचीय. आधी टरेट सरळ आणायचं, म्हणजे पाठीमागची दारं धडाच्या तोंडाशी येतात. दारं उघडायची, पाठीमागे हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीवरच्या हुकांना लावायचं. मग टरेट आडवं फिरवायचं, नव्वद अंशांपर्यंत. दारं आता बाहेरच्या वाऱ्याकडे. आणि पाठ करून कोसळायचं."

"आणि फिरवणार कशाने? हायड्रॉलिकने, तेलाच्या दाबावर," मास्तर. "त्याचा पंप डावीकडच्या इंजिनावर. इंजिन गेलं, दाब गेला, टरेट जिथल्या तिथे."

"हातानं फिरवायचं हँडल असतं की."

"असतं. ब्रॉफीने तेच फिरवायला घेतलं. जिवाच्या आकांताने ओढताना तेही तुटून हातात आलं. दारं ना धडाकडे पुरती, ना बाहेर पुरती."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पोऱ्या येऊन ग्लास गोळा करून गेला.

"आता मिनार्स्कीकडे ये," अण्णा म्हणाले. "पायलटने उडी मारायचा हुकूम दिलेला. मिनार्स्की आपल्या टरेटातून खाली उतरला. बाहेर पडायचं दार उजव्या बाजूला, शेपटीजवळ. तिथे पोचला, पॅराशूट छातीला आहे, दार समोर आहे. तेवढ्यात आगीपलीकडे ब्रॉफी अडकलेला दिसला. तेलाचे पाइप फुटून तेल पेटलेलं. त्यातून हा गुडघ्यांवर रांगत गेला. कुऱ्हाडीने दारं फोडायला पाहिली, मग नुसत्या हातांनी. कमरेखालचे कपडे पेटलेले."

"आणि ब्रॉफीनेच हाताने खूण केली, जा म्हणून," मास्तर. "तेव्हा परतला. वळायला जागा नाही, मागे मागे सरकत. दाराशी ताठ उभा राहिला, सलाम केला, काहीतरी पुटपुटला आणि उडी मारली. खालच्या गावकऱ्यांना पॅराशूटही जळताना दिसलं. त्यांना तो जिवंत सापडला, पण भाजला इतका होता की टिकला नाही. फ्रान्समध्येच मेअरीकूरला पुरलाय."

"आणि ब्रॉफी?"

"विमान जमिनीवर आलं, डावा पंख झाडाला धडकला, विमान गरकन फिरलं आणि शेपटीचं टरेट सुटून ब्रॉफी बाहेर फेकला गेला. त्या सातांत मेला तो एकटा मिनार्स्की."

"हेच तर म्हणतोय मी!" पक्या उसळला. "मदत एका पैशाची झाली नाही."

"हिशेब चुकतोय तुझा," अण्णा म्हणाले. "तू झाडाला धरून हिशेब मांडतोस. त्याच्यासमोर झाड नव्हतं, तुटलेलं हँडल होतं. दोष द्यायचाच तर असल्या रचनेला दे, जिथे पंप एक, जोडीला एक हँडल, ते गेलं की संपलं. आणि पॅराशूट हाताला लागेल असं, पण अंगावर नाही."

पक्याने मान हलवली, पण हट्ट सोडला नाही. "मग सांगा, त्या धुरात हे सगळं पाहिलं कुणी? पुढची मंडळी पुढच्या झडपेतून गेली."

"पाहिलं एकट्या ब्रॉफीने," मास्तर म्हणाले. "म्हणून तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर व्हायला ११ ऑक्टोबर १९४६ उजाडला. ब्रॉफी टरेटातच जळला असता तर मिनार्स्कीचं नाव 'मोहिमेत मृत' या यादीत एका ओळीचं."

"म्हणजे झाडाने दोघांनाही वाचवलं," पक्या म्हणाला, आणि अण्णांनी पहिल्यांदाच त्याला उलट उत्तर दिलं नाही.