'७७७ द्या आणि मोकळे व्हा': या सल्ल्याला माझं उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'लिनक्स सर्व्हरवर फाइल शेअरिंग दहा मिनिटांत. फोल्डरला ७७७ द्या, सांबात गेस्ट चालू करा, फायरवॉल बंद करा. जुनी मशीन जोडायची तर एसएमबी वन सुरू करा. एनएफएस असेल तर नो रूट स्क्वॅश आणि असिंक. रेड लावलं की बॅकअप नको. पाच वर्षं हात लावू नका.' मला तो चौघांनी पाठवला. त्यातली दोघं नुकतीच या धंद्यात आलेली मुलं आहेत, आणि ती उद्या कुणाच्या तरी हिशोबाच्या फायली सांभाळणार आहेत. म्हणून हे लिहितो. सांबा आणि एनएफएस ही सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवर शेअर करायची दोन साधनं: पहिलं मुख्यतः विंडोज मशीनसाठी, दुसरं लिनक्ससाठी.

दहा मिनिटांत शेअर दिसायला लागतो, हे खरं आहे. पण सर्व्हर जिथे जिथे 'तू कोण?' असं विचारतो, तिथे तिथे या मेसेजने त्याचं तोंड बंद केलंय. त्या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट देऊन ठेवणं, यालाच शेअरिंग लावणं म्हणतात.

आधी ७७७ घेऊ, म्हणजे फोल्डर वाचायला, लिहायला, चालवायला सगळ्यांना मोकळं करणं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गंमत म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला बदलता यावी, ही मूळ अडचण ७७७ ने सुटतच नाही. सांबात काही सांगितलं नसेल तर नवीन फाइल ०७४४ परवानगीने तयार होते. म्हणजे अकाउंटंटने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. फोल्डर ७७७ असलं तरी हेच. मग कुणीतरी रोज रात्री सगळ्या फायलींना पुन्हा ७७७ देणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावतो. आणि युनिक्समध्ये फाइल पुसायला फाइलवर नाही, फोल्डरवर लिहिण्याचा हक्क लागतो. त्यामुळे जी फाइल त्या माणसाला बदलता येत नाही, ती त्याला उडवता मात्र येते.

गेस्ट चालू केला, म्हणजे पासवर्डशिवाय कुणालाही आत येऊ दिलं, की याच्यावर कडी होते. जळगावच्या एका दालमिलमध्ये मला बोलावलं तेव्हा खरेदीच्या पावत्यांचं अख्खं फोल्डर गायब होतं. ऑफिसात सहा जण. कुणी पुसलं ते शोधायला गेलो, तर उरलेल्या प्रत्येक फाइलचा मालक 'नोबडी'. सांबाचा गेस्ट त्याच नावाने लिहितो. सहा माणसं एकमेकांकडे संशयाने बघत बसली होती आणि सर्व्हरकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ते दृश्य मला अजून आठवतं.

बरोबर पद्धत याहून फार लांब नाही. हिशोबवाल्यांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून त्याला २७७० द्या, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ महत्त्वाचा आहे, त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. सांबाच्या सेटिंगच्या फाइलीत व्हॅलिड युजर्समध्ये तो ग्रुप, क्रिएट मास्क (नव्या फायलींचे हक्क) ०६६०, डिरेक्टरी मास्क (नव्या फोल्डरांचे) २७७०. प्रत्येकाला एसएमबीपासवर्डने स्वतःचा पासवर्ड. टेस्टपार्म ही कमांड चालवून त्या फाइलीतल्या चुका बघा. सोबत रिसायकल मॉड्यूल लावा, म्हणजे शेअरवरून पुसलेली फाइल बाजूला पडून राहते. रॉकी किंवा अल्मा या लिनक्सवर तरीही नकार आला तर तो बहुधा एसई-लिनक्सचा, म्हणजे परवानग्यांच्या वरच्या आणखी एका पहाऱ्याचा असतो. तिथे फोल्डरला सांबाचं लेबल द्यावं लागतं, ७७७ चा तिथे काही उपयोग नाही.

फायरवॉलबद्दल थोडक्यात. सांबाला ४४५ आणि एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला २०४९, एवढेच पोर्ट लागतात, तेही फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी उघडा. भुसावळच्या शाखेला फायली हव्या असतील तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. राउटरवरून ४४५ बाहेर उघडू नका, कितीही घाई असली तरी.

एसएमबी वन, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगची सगळ्यात जुनी पद्धत. हा मुद्दा मात्र मी हलक्यात घेत नाही, कारण वजनकाट्यावर अजून विंडोज एक्सपीची मशीन चालते आणि मालक ती बदलायला तयार नसतो, हे मी रोज बघतो. तरीही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. सांबाने २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून तो मुळात बंद ठेवला. शिवाय ही सेटिंग एका शेअरपुरती नसते, अख्ख्या सर्व्हरची असते. एका काट्यासाठी सगळ्या मिलचं दार उघडं राहतं. काट्याला वेगळं नेटवर्क आणि एक छोटी वेगळी मशीन द्या, आणि मुख्य सर्व्हरने तिथून फायली स्वतः उचलाव्यात.

आता एनएफएस. नेहमीच्या मांडणीत तो नाव बघत नाही, पासवर्ड बघत नाही, समोरच्या मशीनने सांगितलेला युजर नंबर खरा मानतो. धुळ्याच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्येक उबुंटू मशीनवरचा पहिला युजर १००० नंबरचा होता. सर्व्हरच्या नजरेत सगळी मुलं मिळून एकच विद्यार्थी. कुणीही कुणाचं प्रोजेक्ट उघडत होतं. अशा ठिकाणी नो रूट स्क्वॅश देणं म्हणजे ज्याच्या हातात लॅबच्या एका मशीनचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, त्याच्या हातात सर्व्हरवरचं ते अख्खं फोल्डर. नंबर सगळीकडे जुळवा, किंवा माणसाची ओळख खरोखर तपासणारं कर्बेरॉस लावा. एक्सपोर्ट्स फाइलीत, म्हणजे कोणत्या मशीनला काय शेअर करायचं त्या यादीत, मशीनचं नाव आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नका. एक स्पेस पडली तर कंसातले हक्क त्या मशीनला न मिळता सगळ्यांना मिळतात.

असिंकने वेग वाढतो, कबूल. पण तेव्हा सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच 'लिहिलं' म्हणून सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. नेमकी तेव्हा लाइट गेली तर क्लायंटच्या मते फाइल जागेवर असते आणि डिस्कवर नसते. सिंक ठेवा, क्लायंटवर माउंट हार्डच ठेवा (सर्व्हर परत येईपर्यंत तो थांबतो), आणि यूपीएसची बॅटरी उतरली की सर्व्हर नीट बंद होईल अशी जोडणी करा.

राहिला रेड, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणं, आणि 'हात लावू नका'. एक डिस्क मेली तर रेड वाचवतं. पण फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. त्या दालमिलमध्ये रेड उत्तम चालू होतं. आता तिथे रात्री एक वेगळी मशीन सर्व्हरवरून आरसिंक या कॉपी करायच्या साधनाने दर दिवसाची स्वतंत्र प्रत ओढून घेते, आणि ती डिस्क कुणालाच शेअरवर दिसत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दाळीच्या पावडरने पंखे गुदमरतात. म्हणून दर महिन्याला मी तिथे जातो, स्मार्ट या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत तापमान बघतो, अपडेट टाकतो, कामावरून गेलेल्याचं खातं बंद करतो. शेवटी कालच्या प्रतीतून एक पावती परत काढून अकाउंटंटसमोर उघडून दाखवतो.